एडनाकाकूंचा पॅन

काल शनिवारच्या बाजारात रुबार्ब दिसला. कॅलिफोर्नियातल्या आमच्या क्युपर्टिनोत तो कुणी फारसा घेत नाही. स्ट्रॉबेरीच्या खोक्यांशेजारी एका टोपलीत वीस-पंचवीस देठं पडलेली असतात, लालसर, हातभर लांब, आणि माणसं ही सेलरी आहे की आणखी काही, असं क्षणभर बघून पुढे जातात. मी थांबते. दर वर्षी मे महिन्यात थांबते. एक देठ उचलायचं, बुडाशी नख लावून रस येतो का ते बघायचं, आणि मग टोपलीत असतील नसतील तेवढी सगळी पिशवीत भरायची.

"याचं तुम्ही काय करता?" विकणाऱ्या बाईनं विचारलं.

"वड्या," मी म्हटलं. तिचा चेहरा बघून मग भाषांतर केलं, "बार्स. वर क्रंब घालून."

"माझी आजी करायची!" ती म्हणाली, आणि बोलता बोलता डोळे बारीक करून कुठेतरी लांब बघायला लागली. मला तिच्याशी बोलत बसायचं होतं, पण मागे रांग होती.

घरी आल्यावर श्रीकांतनं पिशवीत डोकावलं. "आला का तुझा मे महिना?" एवढंच म्हणाला, आणि न सांगता स्टूल घेऊन वरच्या कपाटातून पॅन काढायला गेला. त्याच्या गुडघ्यांची आता मला भीती वाटते. पण या एका बाबतीत तो कधी कटकट करत नाही, म्हणजे चढताना करत नाही. पॅनमध्ये मी आधी कोमट पाणी घालून ठेवलं.

हा पॅन माझा नाही, हे आधीच सांगून टाकते. परत करायचा आहे. ॲल्युमिनियमचा, नऊ बाय तेरा इंचांचा, एका कोपऱ्यात पोचा आलेला. खालच्या बाजूला कागदी चिकटपट्टीचा तुकडा आहे, वर्षानुवर्षांच्या वापरानं पिवळा पडलेला, आणि त्यावर माझ्या अक्षरात, देवनागरीत, 'एडनाकाकू' असं लिहिलंय. चौऱ्याऐंशीच्या जुलैत तो माझ्याकडे आला. पुढच्या मे महिन्यात भरून परत आणून देते, असा मी शब्द दिला होता. साधा घरगुती शब्द. असे शब्द आपण दिवसातून चार वेळा देतो.

तेव्हा आम्ही आयोवातल्या एका युनिव्हर्सिटीच्या गावात राहायचो. श्रीकांतची पीएच.डी. संपत आली होती. मी आदल्या ऑक्टोबरात लग्न होऊन सांगलीहून थेट तिथे येऊन पडले होते. केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलेली, बऱ्यापैकी चुरूचुरू बोलणारी मुलगी, आणि व्हिसा असा की नोकरी करायची नाही. श्रीकांत सकाळी आठला लॅबमध्ये जायचा तो संध्याकाळी सहाला उगवायचा. मधले दहा तास माझे. एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यांतली भांडी तरी किती वेळा घासणार? मी आईला इतकी पत्रं लिहायचे की शेवटी तिनं लिहिलं, "तुझं दर दिवसाचं पत्र आलं की शेजारचे विचारतात, सगळं ठीक आहे ना?" त्यानंतर मी एक दिवसाआड लिहायला लागले.

आणि तो बर्फ! लोक फोटो काढायला बर्फात जातात, मला तर काही सांगूच नका. नोव्हेंबर ते मार्च खिडकीबाहेर पांढरं, पांढरं, पांढरं. एप्रिलात ते वितळलं तर खाली नुसता चिखल. मी खिडकीत बसून त्या चिखलाकडेसुद्धा प्रेमानं बघायला लागले होते. अशातच एके दिवशी शेजारच्या अंगणात, गॅरेजच्या भिंतीलगत, मातीतून लाल लाल गाठी वर येताना दिसल्या. आठवड्याभरात त्यांची पानं उलगडली, हिरवीगार, हातभर. मी जवळजवळ ओरडलेच. अगं बाई, अळू!

खाली अंगणात मिसेस एडना उभ्या होत्या. सत्तरीच्या, उंच, हाडापेरानं मजबूत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी कॅरल लांब ओरेगनला. तीस वर्षं त्यांनी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं होतं, आणि ते त्यांच्या मनगटांकडे बघूनच कळायचं. हिवाळ्यात आमची ओळख हात हलवण्यापुरती होती. त्यांनी वर बघितलं, मला खिडकीला नाक लावून बसलेली पाहिली आणि हातानंच ये म्हणाल्या. मी पायात मिळेल ते घालून खाली पळाले. एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्या पायात श्रीकांतची.

त्या एकेक देठ धरून, जरा पिळा देऊन उपटत होत्या. कापायचं नाही, उपटायचं. मग सुरीनं पान उडवायचं आणि ढिगावर फेकायचं. मला ते बघवेना. एवढी सुंदर पानं! मी मनातल्या मनात बेसन भिजवलं होतं, चिंच-गूळ घातला होता, दोन उंडे वळूनसुद्धा ठेवले होते. मी वाकून पाच-सहा पानं उचलली तशी त्यांनी माझ्या हातावर चापटच मारली.

"पॉयझन!"

मी पानं टाकली. त्यांनी मला बागेतल्या नळाशी नेलं, माझे हात स्वतः धुतले आणि पुसले. घाबरून किंचाळल्याचं त्यांना वाईट वाटलं असावं. देठाचा तुकडा कापून हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे खा. हे चालतं."

मी चावलं. आई गं, काय आंबट! चुक्याची भाजी कच्ची खाल्ली तर लागेल तसं. माझा एक डोळा मिटला, खांदा वर गेला, आणि मला लख्खकन आठवलं की तिकडे सांगलीला आता कैऱ्या आल्या असतील. मीठ-तिखट लावून माझी धाकटी बहीण एकटीच खात असेल. सहा महिन्यांत त्या देशात माझ्या जिभेला खरंखुरं आंबट असं काही लागलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. एडना पॅन घेऊन उभ्या. अजून गरम. आत चौकोनी कापलेल्या वड्या, वर खमंग भुगा, कडेनं गुलाबी रस उकळून वर आलेला.

"यात अंडं आहे का?" मी घाबरत विचारलं. मी तेव्हा अंडं खात नव्हते.

"यात नाही. दुसऱ्या प्रकारात घालतात. तो तुला द्यायचा नाही तर," त्या म्हणाल्या. विषय संपला. ना का, ना कसं. पुढच्या सगळ्या महिन्यांत मला पुन्हा कधी विचारावं लागलं नाही.

पहिली वडी मी ओट्याशी उभ्यानंच खाल्ली. खालचा थर नानकटाईचा भाऊ, मध्ये ती आंबट-गोड चिकटाई, थेट मेथांब्याच्या वळणावर गेलेली, आणि वर कुरकुरीत. मी खाल्ली आणि रडले. चांगली हमसून हमसून रडले. गोड पदार्थ खाताना रडणारी बाई कशी दिसत असेल देव जाणे, पण तिथे बघायला होतं कोण? रडून झाल्यावर दुसरी खाल्ली.

आता तो पॅन परत द्यायचा होता, आणि रिकामं भांडं परत द्यायचं नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही, आमच्या घरात ते तसंच होतं. शेजारून वाटीभर आमटी आली तर वाटीतून काहीतरी जायचं. लाडू असेल तर लाडू, नाहीतर अंगणातल्या चार शेंगा. घरात काही म्हणता काही नसेल तर आई वाटी पुसायची, चिमूटभर साखर टाकायची, आणि मगच माझ्या हातात द्यायची. पण अमेरिकेतलं पहिलंच भांडं, साखर कशी पाठवणार? मी दिवसभर खपले. पोहे नव्हते, म्हणून सकाळी दुधात घालून खायच्या फ्लेक्सचा चिवडा केला. फोडणीनं घरभर धूर झाला आणि छतावरची धोक्याची घंटा कोकलायला लागली. घरमालक धावत वर आला. त्यालाही थोडा चिवडा दिला.

पॅनभर चिवडा एडनांनी घेतला. एक चमचा खाल्ला, पाणी प्यायल्या, आणखी एक खाल्ला. तिसऱ्या दिवशी पॅन पुन्हा माझ्या दारात, वड्यांनी भरलेला. मी शंकरपाळे पाठवले. पॅन पुन्हा आला. मी त्यांच्याच रुबार्बचा गूळ-मेथ्या घालून मेथांबा केला, गूळ म्हणजे आपली ब्राउन शुगर. तो त्यांनी टोस्टवर लावून खाल्ला आणि बरणी संपल्यावर पुन्हा करायला देठं आणून दिली, वड्यांबरोबर. कारण त्यांच्या गावातही कुणी काही दिलं तर गप्प बसायची रीत नव्हती, हे मला उशिरा कळलं. दोघीही आपापल्या वळणाला धरून, आणि मागे हटायला कुणीच तयार नाही. मे महिन्यात श्रीकांतचं वजन वाढलं. "अगं थांबवा यार दोघी," तो म्हणायला लागला, "कुणीतरी एकीनं हार माना." मी म्हटलं, मी का मानू? त्या मोठ्या आहेत, त्यांनी थांबवावं. एडना तिकडे म्हणत असणार, ती लहान आहे, तिनं थांबवावं.

काल पीठ मळताना, म्हणजे मळायचं नसतंच ते, चोळायचं असतं, मीराचा फोन आला. मीरा आमची मुलगी. ती इथलीच, कॅलिफोर्नियात जन्मलेली. "आई, आर यू मेकिंग द बार्स?" तिला बरोबर कळतं. "सेव्ह मी अ कॉर्नर पीस." कोपऱ्याची वडी श्रीकांतलाही हवी असते. चारच कोपरे असतात, त्यातला एक पोचलेला.

मैदा, ओट्स, ब्राउन शुगर आणि फ्रीजमधलं घट्ट लोणी. एडनांनी मला हे त्यांच्या ओट्याशी उभं करून शिकवलं. बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळहात लावायचा नाही, तळहात गरम असतो आणि लोणी वितळतं. झालं की मूठ भरून दाबायची. मुटका वळला पाहिजे, आणि बोटानं टोचला की फुटला पाहिजे. त्यांनी तो मुटका माझ्यापुढे धरला आणि मी जोरात हसायलाच लागले. हे तर मोहन! शंकरपाळ्याच्या पिठात मोहन घालून आई हेच करायची. आमचं तेल कडकडीत, त्यांचं लोणी थंडगार, पण मुटका तोच. मी माझी मूठ भरली, दाबली, त्यांच्यापुढे धरली. त्यांनी बोटानं टोचून बघितलं आणि माझ्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. "कुणीतरी तुला शिकवलंय," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आईनं."

"मग तुला जमेल," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी त्या दिवशी आईला पत्रात जसंच्या तसं लिहिलं.

अर्धा भुगा तळाला दाबून बसवायचा. वर साखरेत आणि थोड्या कॉर्नफ्लोअरमध्ये शिजवलेला रुबार्ब. उरलेला भुगा वरून भुरभुरायचा आणि त्याला मग हात लावायचा नाही. माझा हात शिवशिवायचा, थापून सारखा करावासा वाटायचा. "राहू दे," त्या म्हणायच्या, "वरचं आपलं आपण बसतं." ओव्हनसमोर दोन खुर्च्या टाकून आम्ही बसायचो. त्या फार बोलायच्या नाहीत. मी बोलायचे. माझं इंग्रजी त्या खुर्चीवर तयार झालं. सांगलीची कृष्णा नदी, वांग्यांचा बाजार, माझ्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न, सगळं मी त्यांना सांगितलं. त्या मध्येच एखादा नेमका प्रश्न विचारायच्या. "नदीला पूर येतो का?" मग कळायचं, बाई ऐकतायत.

त्यांना हाक काय मारायची, हा माझा मोठाच प्रश्न होता. "कॉल मी एडना" असं त्या म्हणायच्या, पण माझ्या आईचीही आई शोभेल अशा बाईला नुसतं 'एडना' म्हणायला जीभ वळेना. मी हाक न मारताच बोलायचे, समोर जाऊन उभी राहायचे. एक दिवस ओव्हनमधून धूर यायला लागला आणि घाईत तोंडातून निघून गेलं, "एडनाकाकू!"

धूर आवरल्यावर त्यांनी विचारलं, "ते शेवटचं काय होतं?"

मी सांगितलं. काकू म्हणजे काय, कुणाला म्हणतात, का म्हणतात. माझ्या हातात तेव्हा माझा स्टीलचा डबा होता. लग्नात आईनं दिलेला, झाकणावर 'सौ. शैला' असं मशीननं कोरलेलं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. भांड्यांवर आम्ही नाव घालतो, नाहीतर कार्यात बदली होतात, असं मी म्हटल्यावर त्यांनी आपला पॅन उलटा करून दाखवला. चर्चच्या जेवणात बदली होतात म्हणून त्यांनीही पट्टी चिकटवली होती, तिच्यावर नाव होतं. त्यांनी ती पट्टी सोलून काढली, नवी लावली आणि पेन माझ्या हातात दिलं. "तुझ्या भाषेत लिही. मघाशी म्हणालीस तसं सगळं." मी लिहिलं. त्या वेळेपासून पॅनबरोबर माझा डबाही त्या दारातून या दारात फिरायला लागला.

जूनमध्ये बहिणीचं लग्न झालं. तिकिटाचा विचारही करण्यासारखा नव्हता. लग्न होऊन गेल्यावर तीन आठवड्यांनी फोटो आले. त्यात सगळे होते. कोण नव्हतं ते फक्त मलाच दिसत होतं. माझा हिरवा शालू बहीण नेसली होती आणि तिला तो माझ्यापेक्षा छान दिसत होता. चार-पाच दिवस मी काहीच केलं नाही. श्रीकांतनं खिचडी केली, करपवली. एडनाकाकूंचा पॅन ओट्यावर तसाच पडला होता. सहाव्या दिवशी मी तो धुतला, पुसला, त्यात चार चमचे साखर घातली आणि त्यांच्या पायरीवर ठेवून आले.

संध्याकाळी त्या वर आल्या. दम लागला होता, जिना भरभर चढल्या होत्या. "तू माझ्याकडून साखर कधी नेली होतीस?"

मी सांगितलं, नेली नव्हती. सांगितलं की करायला अंगात बळ नव्हतं, आणि रिकामं भांडं द्यायचं नाही. आमच्याकडे काहीच नसेल तेव्हा साखर घालतात. मग फोटो दाखवले. त्या एकेक फोटो बराच वेळ बघत राहिल्या. प्रत्येकाचं नाव विचारलं. शेवटी म्हणाल्या, "साखर. सेन्सिबल." आणि मला जवळ घेतलं. त्यांच्या अंगाला साबणाचा आणि लोण्याचा वास येत होता. त्या देशात आल्यापासून श्रीकांतखेरीज कुणी मला जवळ घेतलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात माझा डबा परत आला. उघडला तर तळाशी साखर. एडनाकाकू दारात कमरेवर हात ठेवून, परीक्षेत पास झाल्यासारख्या उभ्या. "माझी पाठ धरलीय," त्या म्हणाल्या. "म्हणून. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी त्या पाठीच्या दुखण्याला इतक्या हसलो की त्यांना खुर्चीच द्यावी लागली.

चार जुलैनंतर रुबार्बला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. मग पानं राहू द्यायची, मुळात जोर साठू द्यायचा, तरच पुढच्या मे महिन्यात देठं येतात. मला हे फार आवडायचं, झाडाला सुट्टी. पण त्याच जुलैत श्रीकांतला कॅलिफोर्नियात नोकरी लागली. दोन आठवड्यांत निघायचं होतं. मी आनंदानं नाचले, खोटं कशाला बोलू? बर्फ नाही, आपली माणसं आहेत, देऊळ आहे, भाजीत कोथिंबीर आहे. आनंदानं नाचत मी खाली त्यांना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "छान. फारच छान." आणि ओटा पुसायला लागल्या, पुसलेलाच होता तो.

निघायच्या सकाळी मी डब्यात बेसनाचे लाडू भरून त्यांना दिले. त्यांनी हिवाळ्यासाठी फ्रीझरमध्ये साठवलेला रुबार्ब काढून वड्या केल्या होत्या, पॅनभर. "तीन दिवसांची ड्राइव्ह आहे. वाटेत खा."

"आणि पॅन?"

"आणशील की."

"पुढच्या मे महिन्यात येते," मी म्हटलं. "भरून आणते. तुम्ही डबा तयार ठेवा."

"यू बेट. ठेवते," एडनाकाकू म्हणाल्या. गाडी वळेपर्यंत त्या डबा पोटाशी धरून उभ्या होत्या.

पुढच्या मे महिन्यात मी सात महिन्यांची गरोदर होते. त्याच्या पुढच्या मे महिन्यात मीरा दहा महिन्यांची होती. त्यानंतर श्रीकांतला तीन आठवड्यांची रजा मिळाली आणि आम्ही भारतात गेलो, कारण आई-बाबांनी नात पाहिली नव्हती. मग बाबांचं ऑपरेशन. मग दिराचं लग्न. इथे आलेल्या आपल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. मिळेल ती रजा साठवायची आणि सगळीच्या सगळी भारतात नेऊन संपवायची. या देशात कुणी आपलं असू शकतं, त्याच्याकडेही रजा काढून जायचं असतं, हे आमच्या हिशेबातच नव्हतं.

नाताळला त्यांचं कार्ड यायचं. दोनच ओळी. "रुबार्ब यंदा चांगला आला. तुझा डबा ठीक आहे." मी उलट लिहायचे, "मीराला दात आले. तुमचा पॅन ठीक आहे. येत्या मे महिन्यात नक्की." नक्की या शब्दाची मला आता लाज वाटते.

"पोस्टानं पाठव ना तो पॅन," श्रीकांत म्हणायचा.

"रिकामा?"

"मग आत काहीतरी भर."

"खोक्यात सगळं मोडेल. मी स्वतः नेणार आहे."

"अगं मग साखर घाल चार चमचे आणि पाठव."

मी त्याच्यावर खेकसले होते. साखर म्हणजे घरात काही नसतानाची सोय. माझ्या घरात सगळं होतं! मला तो भरून न्यायचा होता, पुरणपोळ्यांनी, काठोकाठ. त्यांच्या ओट्यावर ठेवून म्हणायचं होतं, बघा. असा माझा मान, आणि अशी माझी रीत. त्या मानापायी पाच वर्षं पॅन कपाटात राहिला.

पाचव्या नाताळला कार्ड आलं नाही. पोस्टात गहाळ झालं असेल, असं मी म्हटलं. फोन नंबर होता माझ्याकडे. दोनदा उचलला आणि ठेवला. मे महिन्यात जाणारच आहोत, असं स्वतःला सांगितलं.

मे महिन्यात एक खोकं आलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझा डबा, झाकणावर 'सौ. शैला', आणि एक चिठ्ठी. कॅरलची. आई फेब्रुवारीत गेली. घर आवरताना हा डबा तिच्या ओट्यावर सापडला. खाली तुमचं नाव आणि पत्ता लिहिलेला कागद होता, तेव्हा तिला तो तुमच्याकडे पाठवायचा असणार. शेवटचं वर्षभर तिला स्वयंपाक जमत नव्हता. तुमच्याकडे तिचं काही असेल तर ते राहू द्या, तिला आवडलं असतं. आणि शेवटी, अगदी नीटनेटक्या अक्षरात, "डब्याच्या तळाशी जुनी साखर घट्ट होऊन बसली होती. कोमट पाण्यात भिजवून काढली. आता डबा अगदी स्वच्छ आहे."

मी डबा उघडला. लखलखीत. माझं तोंड दिसत होतं त्यात.

कॅरलची काय चूक? तिनं चांगुलपणानंच केलं, घासून पुसून पाठवलं. तिला मी आभाराचं पत्र लिहिलं आणि साखरेबद्दल काही लिहिलं नाही. पण त्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून रडले, चार वर्षांची मीरा पायाला मिठी मारून "व्हॉट हॅपन्ड, आई?" विचारत होती आणि मला तिला सांगता येईना. एडनाकाकूंच्या हातात बळ नव्हतं, म्हणून त्यांनी साखर घातली होती. त्यांना पक्कं आठवत होतं. मी शिकवलं होतं त्यांना, आणि मीच ते केलं नाही.

काल वड्या छान झाल्या. वरचा भुगा मी दाबला नाही. मीरा येऊन आपला कोपरा घेऊन गेली, श्रीकांतनं दोन कोपरे खाल्ले, पोचलेला मी खाल्ला. आज सकाळी पॅन घासला, पट्टीला पाणी लागू न देता पुसला. मग त्यात चार चमचे साखर घातली, आणि श्रीकांतला म्हटलं, ठेव वर.

"दर वर्षी मुंग्या होतात कपाटात," तो स्टुलावरून कुरकुरला.

"होऊ देत," मी म्हटलं. "सांभाळून. तिरका करू नकोस."